माझा जोड गळत नाही

वॉशरचं तोंड खराब होतं, हे त्याचे मित्रसुद्धा मान्य करत. मित्र मोजकेच होते, त्यामुळे या मुद्द्यावर एकमत व्हायला वेळ लागत नसे. धंद्याने प्लंबर. कुणाच्याही घरात शिरला की नळाकडे बघण्याआधी घरमालकाकडे बघायचा आणि विचारायचा, "वॉशर गेलाय. बसवला कुणी होता हा? खाटकाने?" पुष्कळदा तो त्यानेच बसवलेला असे. तसं कुणी लक्षात आणून दिलं तर जराही न वरमता म्हणायचा, "मी बसवला तेव्हा चांगला होता. तुम्ही वापरलात." वॉशर हे नाव पडलं ते इथून. खरं नाव त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि ती 'अहो' म्हणायची.

वॉशर जातो हे मात्र तो मानायचा. रबरच ते, जाणारच. जोडाची गोष्ट वेगळी. पाइप लोखंडाचे होते तेव्हा आणि पुढे प्लास्टिकचे आले तेव्हाही त्याची पद्धत बदलली नाही. आट्यांवर सूत गुंडाळायचं, वर सफेदा फासायचा, आणि पान्याचा शेवटचा पीळ मारताना श्वास रोखून धरायचा, जसं काही पाणी त्याच्या नाकातूनच येणार आहे. मग नळ सोडून, हात पँटला खसाखसा पुसून, कोरडा तळवा जोडावरून फिरवायचा आणि घरमालकाच्या थेट नाकासमोर धरायचा. "बघा. आहे थेंब? माझा जोड गळत नाही." घरमालकाने मान डोलावल्याशिवाय तो पिशवी उचलत नसे. गावातल्या बहुतेक कर्त्या माणसांनी तो तळवा इतक्या जवळून पाहिला होता की त्यांना त्याचं भविष्य सांगता आलं असतं. दुर्दैवाने कुणी सांगितलं नाही.

मान न डोलावणारा एकच माणूस होता आणि तो नेमका त्याचा मेहुणा निघाला. बायकोचा थोरला भाऊ, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून सगळ्या गावाचे हेडसर. निवृत्तीच्या आधी त्यांनी घर नव्याने करून घेतलं तेव्हा नळाचं काम घरच्याच माणसाला दिलं. गच्चीवरच्या टाकीतून प्लास्टिकचा पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीतून खाली आणायचा, तळाशी एल्बो लावून वळवायचा आणि सिंकपर्यंत न्यायचा, एवढंच काम. पुढे सर निवृत्त झाले. शाळेने त्यांना जाड काचेचं, वजनदार चौकटीचं मानपत्र दिलं आणि ते त्याच खोलीत जेवणाच्या टेबलासमोर लागलं, म्हणजे पाहुण्याला घास गिळायच्या आधी 'व्यासंगी, शिस्तप्रिय, ऋषितुल्य' एवढं तरी वाचावंच लागे. आणि मग वर्षभरात भिंतीच्या तळाला, बरोबर एल्बोच्या जागी, ओल आली.

"जोड गळतोय," हेडसर म्हणाले.

"वरून येतंय," वॉशर म्हणाला. "गच्ची गळतेय तुमची."

"भिंत फोडा आणि बघा."

"का फोडू? फोडली म्हणजे मी कबूल केल्यासारखं होईल."

"मग दुसऱ्या कुणाला बोलावतो."

"बोलवा. त्याने हात लावल्यावर जे गळेल ते त्याचं."

हा शेवटचा मुद्दा हेडसरांना पटला, ही खरी अडचण. दुसऱ्या प्लंबरने भिंत उघडली असती तर वॉशरला पळवाट मिळाली असती. म्हणून भिंत तशीच ठेवायची, पुरावा म्हणून जपायची, आणि गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा असं त्यांनी ठरवलं. भिंत वाळली, डाग राहिला. सिंकचा नळ कोरडा झाला. तेव्हापासून हेडसरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, न्हाणीघरातून बादल्या भरून स्वयंपाकघरात आणत होत्या. दोन पुरुषांच्या तत्त्वनिष्ठेचा सगळा भार वहिनींच्या उजव्या खांद्यावर होता, आणि तो खांदा आता दुखायला लागला होता. वॉशरच्या बायकोचं माहेर दोन गल्ल्यांवर होतं, तिथे ती जाईनाशी झाली. गेली की दादा डागाकडे बोट दाखवायचा, आणि घरी आली की नवरा विचारायचा, "गच्ची दुरुस्त केली का ऋषींनी?"

या सुमाराला कंपनीची तेलाची पाइपलाइन आली. म्हणजे पाइप नव्हे, आधी नकाशा आला. नकाशावर एक लाल रेघ डोंगराकडून निघून आमच्या तलावाच्या तळाखालून सरळ पलीकडे गेली होती. आमचं पिण्याचं पाणी त्या तलावाचं. तेलाचं काय होणार, कुणाचं होणार, यावर गावात फारसे मतभेद नव्हते, कारण कुणालाच माहिती नव्हती. पण आठवड्याभरात गावाचे दोन भाग झाले, लाइनवाले आणि तलाववाले. लाइनवाल्यांना नोकऱ्या दिसत होत्या, तलाववाल्यांना मेलेले मासे. चहाच्या दुकानात एकाच बाकावर बसणारी माणसं एकमेकांच्या कपाकडे संशयाने बघू लागली. एका सभेत खुर्ची फेकली गेली आणि ती कुणाच्या बाजूने फेकली होती यावर पुढची सभा झाली.

तलाववाल्यांनी बचाव समिती काढली. अध्यक्ष अर्थातच हेडसर. त्यांनी परवानगी देणाऱ्या नियामक मंडळाकडे आक्षेप पाठवला. त्यात पूर्वजांचा उल्लेख होता, भावी पिढ्यांचा होता, आणि शेवटी हेडसरांची स्वतःची एक कविता होती. मंडळाने उत्तर दिलं की आक्षेप भावनिक स्वरूपाचे असून त्यांना तांत्रिक आधार नाही. सुनावणीत पाइपांच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेला साक्षीदार आणावा. समितीने शहरातून एक इंजिनिअर ठरवला. त्याने कागदपत्रं नेली, आठ दिवस अभ्यास केला आणि कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाला.

"आता पाइपातलं कळणारा माणूस आणायचा कुठून?" समितीच्या वकीलबाईंनी विचारलं. तरुण होत्या, फी घेत नव्हत्या, त्यामुळे समितीतलं कुणी त्यांचं ऐकत नसे.

हेडसर चष्मा पुसत म्हणाले, "एक आहे. गळतीचा दांडगा अनुभव आहे त्याला."

सगळ्यांना कळलं. काही जण हसले. हेडसर हसले नाहीत. त्यांनी फार दिवसांनी काहीतरी गोड खाल्ल्यासारखा चेहरा केला. प्लंबरने मंडळासमोर शपथेवर, माइकवर एवढंच सांगायचं होतं की कोणताही जोड आज ना उद्या गळतो. तलाव वाचणार होता आणि भिंतीचा निकालही लागणार होता.

वॉशरला यातलं कळत नव्हतं असं नाही. "तुझ्या दादाला माझ्या तोंडून ऐकायचंय," तो बायकोला म्हणाला.

"मग बोला की. तलावाचं पाणी तुम्ही पीत नाही?"

"पितो. पण माझा जोड..."

"तुमचा नका म्हणू. इतरांचे गळतात म्हणा. ते तर तुम्ही रोज म्हणताच." तिच्या मागे न्हाणीघरातला नळ मगात टपटपत होता. तो वॉशरनेच बसवला होता. घरचं काम म्हणून जरा राहून गेलं होतं. "एवढं नीट पार पाडा. दादाही मऊ होईल. मला एकदा माझ्या माहेरी बसून सुखाने चहा पिऊ द्या."

तर ठरलं असं होतं की इतरांचे गळतात.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. समोर मंडळाच्या अध्यक्षबाई आणि दोन सदस्य, उजवीकडे कंपनीचे वकील, गोरेगोमटे, बोलताना मान किंचित कलती ठेवणारे, डावीकडे समिती. मागे गाव, दोन भागांत, मध्ये पोलीस. वॉशरने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि शपथेसाठी हात वर केला तो नेहमीच्याच सवयीने, तळवा समोरच्याच्या नाकाकडे करून. अध्यक्षबाई जरा मागे सरकल्या.

त्याने आपलं वाक्य चोख म्हटलं. जोड आज ना उद्या गळतो. तलाववाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कंपनीचे वकील उठले.

"आपला अनुभव मोठा आहे असं ऐकलं."

"जन्म गेला पाइपात."

"मग मला अडाण्याला समजावून सांगा. जोड गळतो म्हणजे का गळतो?"

"का म्हणजे? लोक कामं कशी करतात बघितलंत? सूत कमी, सफेदा पातळ, हात लुळे. लाडू वळल्यासारखं वळतात आणि जातात."

"म्हणजे वाईट काम केलं तर गळतो."

"वाईटच करतात. सगळेच."

"सगळे?" वकिलांनी मान आणखी कलती केली. "आपणसुद्धा?"

वॉशरची नजर पहिल्या रांगेत गेली. तिथे हेडसर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते गोड खाल्ल्याचं हसू होतं. शेजारी त्याची बायको डोळ्यांनी त्याला काहीतरी सांगत होती, पण त्याला हसूच तेवढं दिसलं.

"माझा जोड गळत नाही," तो म्हणाला.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. विचारा गावाला."

"म्हणजे नीट केलेला जोड गळत नाही, अशी नोंद घ्यायला आपली हरकत नाही?"

"नीट केलेला म्हणजे मी केलेला."

"किंवा आपल्याइतक्याच कुशल कारागिराने केलेला."

त्याला आजवर माइकवरून कुणी कुशल म्हटलं नव्हतं. माइकशिवायही नव्हतं. "हं," तो म्हणाला, आणि नोंद झाली.

बाहेर पडताना हेडसरांनी त्याला दारातच गाठलं. "जावईबुवा, तलाव बुडवलात."

"तलाव बुडत नसतो, सर. भूगोल शिकवायचात ना तुम्ही?"

हे त्याचं त्या दिवसाचं शेवटचं विनोदी वाक्य. मंडळाने तलावाखालून जायला परवानगी दिली आणि आदेशात लिहिलं की आक्षेपकर्त्यांच्या स्वतःच्याच साक्षीदारानुसार कुशल कारागिराने केलेला जोड गळत नाही. कंपनीने तेवढं वाक्य उचलून चौकात मोठा फलक लावला. वर निळा तलाव, खाली पांढरी अक्षरं: 'नीट केलेला जोड गळत नाही. आपलेच स्थानिक तज्ज्ञ.' वॉशरचा फोटो नव्हता, पण गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उंबऱ्यावर कुणीतरी गाडीचं वापरलेलं काळं तेल ओतून ठेवलं होतं. बायकोने ते भुसा टाकून पुसलं, साबणाने घासलं, आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

कामं बंद झाली. तलाववाले त्याला बोलवेनात हे समजण्यासारखं होतं. लाइनवालेही बोलवेनात, कारण त्यांच्या बायका तलाववाल्या होत्या. गावभर नळ टपटपू लागले. लोकांनी खाली बादल्या लावल्या, पण याला हाक मारली नाही. किराणावाल्याच्या दुकानात तो गेला की लोक एकमेकांना तळवे दाखवायचे. "आहे थेंब?" एक विचारायचा. "नाही बुवा, तेल आहे," दुसरा म्हणायचा. वॉशर त्यांना त्यांच्या आईवडिलांसह उत्तरं द्यायचा. त्याने कुणालाही सोडलं नाही आणि त्यामुळे कुणी त्याच्या बाजूचं उरलं नाही. कंपनीने त्याला 'जनसंपर्क सहायक' म्हणून घ्यायची तयारी दाखवली. निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्याने विचारलं, "पाना द्याल की टाय?" टाय, असं कळल्यावर त्यालाही आईवडिलांसह उत्तर मिळालं.

"मी खोटं बोललो का?" एकदा जेवताना त्याने बायकोला विचारलं.

"मला काय माहीत? भिंत उघडून बघितली कुणी? तुम्हाला दादापुढे मान खाली घालायची नव्हती, एवढं मला माहीत आहे. माझं माहेर गेलं, तुमचा धंदा गेला. आता तो जोड काढून आणा आणि देवळात ठेवा."

समितीने पुनर्विचाराचा अर्ज करायचं ठरवलं. त्याला नवं कारण लागत होतं, आणि ते हेडसरांच्या घरात तयार होतं. साक्षीदार शपथेवर खोटं बोलला, हे दाखवायचं. जपून ठेवलेली भिंत सगळ्यांसमोर उघडायची, व्हॉल्व्ह सोडायचा, गळणाऱ्या जोडाचं चित्रण करायचं आणि मंडळाला पाठवायचं. वॉशरला निरोप गेला: हिंमत असेल तर ये. तो पिशवी घेऊनच आला. बायको त्याच्यामागून आली आणि किती तरी दिवसांनी माहेरच्या खुर्चीवर बसली. वहिनींनी तिच्या हातात चहा दिला आणि पुरुषांना विचारलंसुद्धा नाही.

दुपारची वेळ होती. स्वयंपाकघरात समितीचे लोक दाटीवाटीने उभे. वकीलबाई फोनवर चित्रण करत होत्या. छन्नी कुणी धरायची यावर वाद झाला. वॉशर म्हणाला मी फोडणार नाही, हेडसर म्हणाले तुम्हाला हात लावू देणार नाही. शेवटी समितीतल्या गाळवाल्या ठेकेदाराने हातोडा घेतला. हा माणूस दरवर्षी तलावातला गाळ यंत्रांनी उपसायचा आणि समितीत सगळ्यांत मोठ्याने घोषणा द्यायचा. त्याने डागावर चार घाव घातले. गिलावा पडला, विटा निघाल्या, एल्बो उघडा झाला. पांढरा सफेदा अजून जागच्या जागी होता.

"सोडा पाणी," हेडसर म्हणाले.

वर कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला. पाइपात हवा खाकरली. सगळे खाली वाकले. वॉशरने हात पँटला खसाखसा पुसला, जोडावरून फिरवला आणि हेडसरांच्या नाकासमोर धरला.

"बघा."

तळवा कोरडा होता. हेडसरांनी मान डोलावली नाही. आणि तेवढ्यात पाइपाच्या अंगावरून वरून एक बारीक ओघळ आला, जोडाला वळसा घालून त्याखाली साचला आणि जमिनीवर टपकला.

"गळतोय!" ठेकेदार ओरडला. "जोड गळतोय!"

"डोळे तपास तुझे! वरून येतंय!" वॉशर त्याच्याहून मोठ्याने ओरडला. "मी म्हणत नव्हतो वरून येतंय? गच्ची आहे, गच्ची!"

ओघळ गच्चीतून येत नव्हता. ठेकेदाराने पाइपाच्या रेषेत वर वर फोडत नेलं, आणि ओघळही वर वर जात राहिला, मानपत्राच्या चौकटीपर्यंत.

"तिथे हात लावायचा नाही," हेडसर म्हणाले.

वहिनींनी ओल्या हातांनी पुढे होऊन मानपत्र उतरवलं आणि काचेकडे न बघता टेबलावर पालथं ठेवलं. मागे लांबलचक, गंजून लाल झालेला खिळा होता. ठेकेदाराने त्याच्याभोवतीचा गिलावा काढला. खिळा भिंतीत शिरून सरळ पाइपात गेला होता. मारला तेव्हा त्याने स्वतःच भोक बुजवून ठेवलं असणार. मग तो गंजत गेला, पाणी झिरपू लागलं, पाइपाच्या अंगावरून उतरून जोडापाशी साचू लागलं, आणि बाकीचं आपल्याला माहीतच आहे.

"बाई," वॉशर वकीलबाईंना म्हणाला, "हे घेतलंत ना फोनमध्ये? जरा सरांचा चेहरापण घ्या."

वहिनी बोलल्या. "मी विचारलं होतं, सुतार बोलवू का. म्हणाले, एक खिळा मला मारता येत नाही का?" त्यांनी सिंकखालची रिकामी बादली उचलून मुद्दाम टेबलावर, मानपत्राशेजारी, ठेवली. "आला मारता."

समितीची मंडळी दाराकडे सरकू लागली, कारण अर्जाचं कारणच पाण्यात गेलं होतं. साक्षीदार खरं बोलला होता. फक्त वकीलबाई त्या भोकाकडे बघत राहिल्या होत्या.

"आपण सगळे जोडावर भांडत बसलो," त्या म्हणाल्या. "कंपनीही जोडावरच बोलली. पाइप नीट घातल्यावर वर राहणारी माणसं काय करतात, हे कुणी विचारलंच नाही. दादा," त्यांनी ठेकेदाराला विचारलं, "गाळ काढताना तुमच्या यंत्राचे दात तळात किती खोल जातात?"

ठेकेदाराचा हातोडा हातातच राहिला. "म्हणजे काय, मी फोडणार लाइन? मी समितीत आहे!"

"सरही समितीतच आहेत," वॉशर म्हणाला.

कंपनीच्या अहवालात तलाव होता, मासे होते, पाहुणे पक्षी होते. दरवर्षी गाळ उपसणारी यंत्रं नव्हती. वकीलबाईंनी अर्ज नव्याने लिहिला. मंडळाला कोरडा मुद्दा देऊन भागत नाही, समोर वस्तू लागते आणि वस्तूमागे माणूस लागतो, हे त्या पहिल्या सुनावणीत शिकल्या होत्या. वस्तू म्हणजे खिळ्यासकट कापलेला पाइपाचा तुकडा. माणूस म्हणजे हेडसर.

हेडसरांना मुद्दा मान्य होता, माणूस मान्य नव्हता. "अज्ञात व्यक्तीने खिळा मारला, असं लिहू," ते म्हणाले.

"अज्ञात व्यक्ती आपल्या घरात येऊन तुमचं मानपत्र लावून गेली का?" वहिनींनी विचारलं.

"मग मी नाही येत सुनावणीला."

"नका येऊ. तलाव गेला तर तेलाच्या बादल्या भरीन. सवय आहे मला."

दुसऱ्या सुनावणीला सभागृह पहिल्यापेक्षा भरलं. भिंतीची बातमी गावात गेली होती, पण अर्धीच. लाइनवाले म्हणत वॉशरचा जोड फुटला, तलाववाले म्हणत कंपनीनेच खिळा मारायला लावला. वॉशर मागच्या रांगेत बसला होता, तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन. तो वकीलबाईंना द्यायला त्याने साफ नकार दिला होता. "सर बोलतील तेव्हा देईन. आधी नाही." त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी रिकाम्या सोडल्या होत्या. पुढे बसलेल्या कुणीतरी मागे वळून तळवा दाखवला. वॉशरने उलट उत्तर दिलं नाही. बायको म्हणते, तिला तेव्हाच काळजी वाटली.

हेडसर माइकसमोर उभे राहिले. त्यांनी शपथ घेतली, चष्मा पुसला, आणि शाळेत निबंध वाचावा तसं सुरू केलं. पाइप उत्तम होता. जोडही... जोडही सदोष नव्हता. मात्र पुढे काही काळाने, भिंतीत पाइप आहे याचं भान न ठेवता, एका गृहस्थाने...

"कोण गृहस्थ?" मागून आवाज आला.

"मागे बसलेले गृहस्थ शांत राहतील का?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मी गृहस्थ नाही, प्लंबर आहे. गृहस्थ कोण ते विचारा त्यांना."

पोलीस उठला. सभागृहात हशा आणि शिव्या एकदमच सुटल्या. कंपनीचे वकील मान कलती करून म्हणाले, "आमचाही तोच प्रश्न आहे, बाई. अज्ञात गृहस्थाच्या खिळ्यावर मंडळ आपला आदेश बदलणार का? हे पाणी नेमकं कुणामुळे गळलं ते कळल्याशिवाय या मुद्द्याला काही अर्थ नाही."

अध्यक्षबाईंनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी आपल्या शाळेच्या सभागृहाकडे पाहिलं. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलं होतं, आणि ते सगळे आता आरामात बसून वाट बघत होते. पहिल्या रांगेत बहीण होती. ती डोळ्यांनी काही सांगत नव्हती. नुसती बघत होती.

"मी," हेडसर म्हणाले.

"ऐकू नाही आलं," मागून वॉशर म्हणाला.

या वेळी पोलिसानेही त्याला अडवलं नाही.

"मी मारला," हेडसर माइकच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, इतक्या जवळ की माइक किंचाळला. "माझ्या घरात, माझ्या हाताने, माझं मानपत्र लावायला मी मारला. खाली पाइप आहे हे मला माहीत होतं. कुठून गेलाय ते विचारायला मला कमीपणा वाटला. झालं?"

वॉशर उठला, रांगेतून पुढे आला आणि वर्तमानपत्र सोडून तुकडा अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवला. परतताना तो हेडसरांसमोर क्षणभर थांबला आणि सगळ्या गावाला वाटलं आता हा तळवा पुढे करणार. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि जागेवर जाऊन बसला. मग वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठेकेदाराला त्याच्या यंत्राचे दात किती लांब आहेत ते विचारलं. त्यानेही, समितीकडे रागाने बघत, सांगितलं: दात नकाशातल्या लाल रेघेपर्यंत सहज पोचत होते.

मंडळाने तलावाखालची परवानगी मागे घेतली आणि कंपनीला दुसरा मार्ग शोधून नवा अर्ज करायला सांगितलं. कंपनीने निर्णयाचं स्वागत केलं, जसं तिने आधीच्या उलट्या निर्णयाचंही केलं होतं, आणि चौकातला फलक उतरवला. नव्या नकाशात लाल रेघ पलीकडच्या गावावरून जाते. त्या गावात समिती निघाली आहे आणि तिचे लोक बाजारात आमच्याशी बोलत नाहीत.

वॉशरला कामं मिळू लागली, पण लोक सुधारले म्हणून नव्हे, बादल्या भरून वाहू लागल्या म्हणून. उंबऱ्यावर तेल कुणी ओतलं हे त्याला ठाऊक आहे. त्या घरचा नळ त्याने सगळ्यांच्या शेवटी ठेवला आहे आणि अजून तिथे गेलेला नाही.

हेडसरांच्या भिंतीत त्याने नवा तुकडा बसवला तेव्हा ते मागे हाताची घडी घालून उभे होते, परीक्षेत पर्यवेक्षक उभा असतो तसे. टेबलाशी वहिनी आणि त्यांची नणंद बसल्या होत्या. दोघी या दोघांकडे पाठ करून चहा पीत होत्या. वॉशरने शेवटचा पीळ मारला, श्वास सोडला, पाणी सोडलं. सिंकचा नळ खोकला, गढूळ ओकला आणि मग स्वच्छ वाहू लागला. वहिनींनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा चहाकडे वळल्या.

वॉशरने हात पुसला, जोडावरून फिरवला आणि तळवा पुढे धरला.

हेडसरांनी तो बराच वेळ पाहिला. मान मात्र डोलावली नाही. "मानपत्र आता कुठे लावू?" त्यांनी विचारलं.

"मला विचारताय?" वॉशर म्हणाला.

"हो."

"कपाटात," वॉशर म्हणाला, आणि मान डोलावण्याची वाट न बघता पिशवी उचलली.